चार बोटं खाली

गाडीची मागची बाजू वर उचलून देणं हा माझा धंदा. नाशिकला द्वारकेच्या चौकाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये मी तो उभा जन्म केला. बोर्डावर ‘पाटे रिपेअरिंग’ असं लिहिलेलं. ते वाचून एकदा एक बाई वरवंट्याला टाकी लावता का, म्हणून विचारायला आल्या होत्या. तेव्हा आधी पाटे म्हणजे काय ते सांगतो.

मालगाडीच्या चाकाजवळ वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची एक चळत असते. सगळ्यात लांब पट्टी वर, तिच्याखाली जरा आखूड, तिच्याखाली आणखी आखूड. हे पाटे. गाडीचं सगळं ओझं यांच्यावर. माल भरला की त्यांचा बाक कमी होतो, माल उतरला की पुन्हा येतो. वर्षानुवर्षं कांदे, द्राक्षं, विटा वाहून ते थकतात आणि मग माल उतरला तरी तसेच सपाट राहतात. मालक येऊन सांगतो, “मिस्त्री, पाटे बसले.” आम्ही ते खोलायचे, भट्टीत लाल करायचे, ठोकून पुन्हा बाक द्यायचा. कुणाला जास्त माल भरायचा असेल तर चळतीत एखादा पाटा वाढवायचा. गाडी मागून उभी राहते. मालक खूश.

कधी कधी जरा जास्तच उभी राहते. सटाण्याच्या एका कांदेवाल्याच्या पिकअपला मी उत्साहाच्या भरात इतके पाटे चढवले, की रिकामी गाडी नाक जमिनीला लावून चालायची. आठवड्याने तो आला आणि शेडच्या दारातूनच ओरडला, “मिस्तरी, मनी गाडी आते देवना पाया पडस!” गाडी देवाच्या पाया पडते, म्हणजे पुण्यच की, असं मी म्हणालो. त्यावर त्याने अहिराणीत जे ऐकवलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

तर असा मी वर उचलणारा माणूस. मागची बाजू खाली बसवून द्या, असं मला कुणी म्हणालं नव्हतं. अलीकडे कॉलेजातली पोरं मोबाइलवर फोटो दाखवायची. जुनी पिकअप, पोट रस्त्याला टेकलेलं. मी त्यांना पहिला स्पीडब्रेकर दाखवायचो आणि घरी पाठवायचो.

मग सुनंदाताई आल्या.

दुपारची वेळ होती. चौकात नेहमीसारखा हॉर्नचा कल्लोळ. त्यातून एक जुनी पिकअप शेडसमोर येऊन थांबली. गोल दिवे, लांब बॉनेट, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. असली गाडी आता बघायला मिळत नाही. पन्नाशीच्या आतबाहेरची बाई स्वतः चालवत होती. उतरल्यावर दार लावायच्या आधी ती पुन्हा आत वाकली आणि डाव्या सीटकडे बघून काहीतरी बोलली. मला वाटलं, फोनवर असेल.

“मिस्त्री, गाडी मागून खाली बसवायचीय.”

“वर उचलायचीय म्हणताय ना, ताई?”

“खाली. वर उचलून काय करू?”

माझा भागीदार सलीमभाई भट्टीवर असतो. तो घण खाली ठेवून बाहेर आला. आमच्या धंद्यात हे वाक्य म्हणजे केशकर्तनालयात जाऊन केस लांब करून द्या म्हणण्यासारखं.

ताईंनी सांगितलं ते असं. त्या मूळच्या नांदगावकडच्या, आता आडगावला द्राक्षांच्या पॅकिंगवर जातात. घरी त्या आणि सासू, जिजी. जिजीला काचबिंदू. एक डोळा आधीच गेलेला, कारण ती दवाखान्यात यायलाच तयार झाली नाही. आता दुसऱ्याचं ऑपरेशन सोमवारी होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ही तारीख चुकली तर पुढे अंधार. आणि जिजी म्हणत होती, येईन तर आपल्याच गाडीत, आणि बसेन तर मागे हौद्यात. त्या हौद्यात तिला आता चढता येत नव्हतं.

“एक स्टूल लेलो ना, ताई,” सलीमभाई म्हणाला. “गाडी कायको खोलना?”

“घेतला होता. त्यावरून पडली. आता स्टूल दिसला तरी मागं सरते. उचलू म्हणलं तर म्हणते, मी काय गोणी हे का?”

“मग रिक्षा करा,” मी म्हणालो. “नाहीतर पुढे बसवा. तुमच्या शेजारची सीट रिकामीच आहे की.”

ताईंनी गाडीकडे पाहिलं. “पुढं जागा नाय, असं म्हणते.”

“तुम्ही तर एकट्याच आलात!”

“व्हय,” त्या म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातात ठेवून रिक्षाने निघून गेल्या.

गाडी मागून खाली घ्यायचा सोपा रस्ता म्हणजे चळतीतला एखादा पाटा काढून टाकायचा. पण मग मागची बाजू लुळी पडते, खड्ड्यात चाक वर येऊन हौद्याला थडकतं. डोळ्याच्या ऑपरेशनला निघालेल्या म्हातारीला ते परवडणारं नव्हतं. म्हणून आम्ही ठरवलं, पाटे सगळे ठेवायचे, फक्त त्यांचा बाक कमी करायचा. माझा सगळा जन्म बाक देण्यात गेला होता, आता काढून घ्यायचा होता.

किती? चार बोटं.

आमच्याकडे टेप आहे. ती भिंतीवर असते, गिऱ्हाइकांना विश्वास वाटावा म्हणून. माप बोटांनीच. फरशीवर खडूने जुन्या पाट्याचा बाक काढायचा, त्याच्या आत चार बोटांवर नवा काढायचा आणि पाटा त्या रेघेवर बसेपर्यंत ठोकायचा. काम लवकर व्हावं म्हणून उजव्या बाजूची रेघ मी काढली, डाव्या बाजूची सलीमभाईने. इतकी वर्षं एकत्र काम करून एक गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती. माझी बोटं वेलची केळ्यांसारखी आहेत आणि त्याची जळगावच्या केळ्यांसारखी.

पाटे चढवले, जॅक काढला, लांब जाऊन पाहिलं, तर गाडी डावीकडे कललेली. कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या बाईसारखी.

“सलीमभाई, किती बोटं घेतली?”

“चार.”

“कुणाची?”

तो स्वतःच्या पंजाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “तुम्हारी ली होती तो तुम चिल्लाते ना.”

आम्ही डावे पाटे पुन्हा उतरवले, माझ्या बोटांनी रेघ काढली, पुन्हा ठोकले. आता मागची बाजू बरोबर आली. हौद्याच्या फळीवर पाण्याचा तांब्या ठेवला तरी पाणी हललं नसतं. पण गाडी डावीकडे झुकलेलीच. या वेळी पुढून.

पुढच्या पाट्यांना आम्ही हात लावला नव्हता. डाव्या चाकाची हवा पाहिली, ठीक. चाक आणि मडगार्डमधली फट मोजली. दोन्ही बाजूंना माझीच बोटं. डावीकडे दोन बोटं कमी. मी म्हटलं, डावा पाटा थकला असणार. अशा वेळी आमच्यात एक पक्की परीक्षा असते. डावा पाटा काढून उजवीकडे लावायचा, उजवा डावीकडे. थकलेला पाटा जिकडे जाईल तिकडे गाडी झुकणार. पाटा खोटं बोलत नाही.

आम्ही अदलाबदल केली. गाडी डावीकडेच झुकली.

सलीमभाई चहा आणायला गेला. मी अंगाखाली गोणपाट घेऊन पुढच्या बाजूने गाडीखाली सरकलो. बाहेर चौकात ट्रकचा हॉर्न, सिग्नलवरची शिट्टी, उतरतं पण लख्ख ऊन. माझ्या नाकासमोर डावा पाटा. रिकाम्या गाडीचा पाटा किती दबलेला असावा हे मला झोपेतही कळतं. हा त्यापेक्षा जास्त दबलेला होता. आणि मी बघत असतानाच तो हलला. जरासा अजून दबला, कुरकुरला आणि पुन्हा होता तसा झाला. बराच वेळ एकाच जागी बसलेला माणूस कूस बदलतो ना, तसा.

“कोण चढलं रे?” मी खालून ओरडलो.

मान वळवून पाहिलं. कुणी चढून उतरलं असतं तर गाडीच्या बाजूला पाय दिसायला हवे होते. एकाही बाजूला नव्हते. रस्त्याच्या पलीकडून मात्र सलीमभाईचे पाय चहाची किटली सांभाळत येताना दिसले.

मी गाडीखालून कसा निघालो ते मला सांगता येणार नाही, पण एक चप्पल तिथेच राहिली. ती काढायला मी काही पुन्हा गेलो नाही. सलीमभाईने भट्टीतली सांडशी घालून बाहेर ओढली आणि लाल लोखंड धरावं तशी माझ्यासमोर धरली. “उंदीर देखा क्या?”

“पाटे थंड झाले की कुरकुरतात,” मी म्हणालो. पुढचे पाटे आम्ही तापवलेच नव्हते, हे त्यालाही माहीत होतं. त्या दिवशी आम्ही दोघांनी चहा गाडीकडे तोंड करून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या. मी त्यांना म्हटलं, मागचं काम झालंय, पण गाडीला डावीकडे कुठेतरी जादा वजन आहे, एकदा काट्यावर घालून बघू. जवळच वजनकाटा आहे. तिथे दिवसभर कांद्याच्या गाड्या येतात. आधी भरलेली तोलायची, मग रिकामी. रिकामी तोलताना ड्रायव्हर-क्लीनरला उतरवायचं ही पद्धत, कारण माणसाचं वजन धरलं की हिशोबात भांडणं. काट्यावरचा माणूस खोलीत बसून स्पीकरवर सूचना देतो.

ताईंनी गाडी काट्यावर नेली आणि उतरल्या. मी आधीच खाली उभा होतो. काटेवाल्याने गाडीच्या बाजूला रंगवलेलं रिकामं वजन वाचलं, समोरचा आकडा पाहिला आणि स्पीकर खरखरला. “क्लीनरला उतरवा.”

“क्लीनर नाही!” मी ओरडलो.

“अहो, डाव्या सीटवर बसलाय तो कोण मग? उतरवा त्याला.”

मी आणि ताईंनी एकदमच मागे पाहिलं. काचेवर ऊन चमकत होतं. सीटच्या पाठीवर एक टॉवेल टाकलेला होता, बाकी काही नाही. टॉवेल लांबून माणसासारखा दिसू शकतो. मी हे त्याच वेळी ठरवून टाकलं, कारण दुसरं काही ठरवायची माझी तयारी नव्हती.

काटेवाला खिडकीतून अर्धा बाहेर आला. “गेला का? आत्ता तर होता.” मग पुन्हा आकडा बघून तो वैतागला. “उतरला तर वजन का कमी होईना?”

ताईंनी गाडी काट्यावरून खाली घेतली, बाजूला लावली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. मी दाराशी उभा. त्या समोर बघतच बोलल्या.

“आमचे मालक होते, अशोक. ही गाडी त्यांची. जिजी मजुरांची मुकादम होती, बायांना घेऊन मागं हौद्यात बसायची, मालक चालवायचे. एके दिवशी नांदगावहून नाशिकला निघालो आणि रस्त्यातच त्यांच्या छातीत दुखाया लागलं. ते इकडं डावीकडं सरकले. मला म्हणले, तू चालव. मी शेतातच काय ती चालवलेली. जिजी मागं. कशीबशी द्वारकेपर्यंत आणली आणि चौकात अडकले. पुढं गाड्या, मागं गाड्या. दवाखाना एवढासा राहिलेला. ते विचारत होते, पोचलो का, पोचलो का. मी म्हणलं, पोचलो.”

“मग?”

“मग काय. त्यांनी डोळे मिटले.” त्यांनी टॉवेल उचलून त्याची घडी केली आणि ती सीटवर न ठेवता मांडीवर घेतली. “जिजीनं मागच्या काचेतून ऐकलं. तेव्हापासून पुढं बसत नाय.”

त्या चौकात मी रोज असतो. त्या दिवशीही शेडमध्येच असणार, जाम झाला म्हणून गाडीवाल्यांना शिव्या घालत.

सोमवारी मी आडगावला गेलो. कारण सांगितलं, नवीन बाक दिलेले पाटे पहिल्या फेरीत ऐकावे लागतात. ते अर्धं खरं होतं.

जिजी अंगणात तयार उभी होती. लुगड्यावर पुरुषी फुल बाह्यांचा शर्ट, शेतात जाणाऱ्या बाया घालतात तसा. एक डोळा पांढरा, दुसरा माझ्यावर. ती गाडीच्या मागे गेली, हौद्याची साखळी चाचपून धरली, एक पाय बंपरवर टाकला आणि कुणाचाही हात न घेता चढली. चार बोटांनी काय फरक पडतो, असं मला पुष्कळ जणांनी नंतर विचारलं. त्यांनी ते चढणं पाहायला हवं होतं. माझी छाती जरा फुगली. त्या फुगलेल्या छातीने मी पुढे गेलो आणि डावं दार उघडून आत पाय टाकला.

“ओ मिस्त्री!” हौद्यातून आवाज आला. “मांडीवर बसता का त्याच्या?”

पाय मी कधी बाहेर काढला ते मला आठवत नाही. पुढच्या क्षणी मी हौद्यात जिजीच्या शेजारी होतो आणि मी चढलो कसा हेही मला आठवत नाही. तेव्हा बंपर आणखी चार बोटं वर असता तरी मी चढलोच असतो.

“घाबरले,” जिजी म्हणाली. “तो काय करत नाय. त्याला फक्त पोचायचं हे.”

पाटे छान चालत होते. खड्ड्यातून जाताना हौदा बसायचा आणि अलगद उठायचा. जिजी केबिनच्या मागच्या काचेला टेकून बसली होती. द्वारकेला व्हायचं तेच झालं. पुढे बस, बाजूला टेम्पो, गाडी जागच्या जागी. पुढे सुनंदाताईंचे खांदे ताठ झालेले मला काचेतून दिसत होते. जिजीने डावीकडच्या काचेवर बोटाच्या पेराने ठोकलं आणि तोंड काचेजवळ नेलं.

“आशोक, पोचलो नाय अजून. थोडं राहिलंय. निजू नको.”

मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या आवाजात म्हणाली, “सून भली हे. पण खोटं बोलली ना त्या दिवशी. दवाखाना आला नाय हे त्याला ठाऊक हे. मग तो उतरल कसा, सांगा.”

मी पाटेवाला. मी हौद्याची फळी घट्ट धरून बसलो आणि बस हलायची वाट बघत राहिलो.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबली. जिजी साखळी धरून स्वतः उतरली आणि चाचपत डाव्या दाराशी गेली. दार उघडलं. आणि बाजूला सरून, कुणाला वाट द्यावी तशी उभी राहिली.

“उतर, बाबा. आलं.”

सुनंदाताई स्टिअरिंगवरून हललेल्या नव्हत्या. आता त्याही डाव्या सीटकडे वळल्या. “आलं,” त्या म्हणाल्या. “खरंच आलं.”

मी पुढच्या चाकाशी उभा होतो. माझी नजर सवयीने चाक आणि मडगार्डमधल्या फटीवर. आधी पाटा कुरकुरला. मग फट हळूहळू मोठी होऊ लागली. जड माणूस सावकाश, आधार घेऊन उतरतो तेव्हा गाडी जशी टप्प्याटप्प्याने वर येते, अगदी तशी. इतकी वर्षं मी हे रोज पाहिलंय. फक्त तेव्हा उतरणारा माणूस दिसायचा, एवढाच फरक.

“आजी, दार लावा, गाडी पुढे घ्या,” वॉचमन ओरडला.

“थांब की रे, उतरतोय तो,” जिजी म्हणाली. थोड्या वेळाने तिने दार अलगद लावलं आणि सुनेचा हात धरून आत गेली.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला सोडणार होते तेव्हा मी पुन्हा गेलो. पाटे बघायला, असं मी सलीमभाईला सांगितलं. तो म्हणाला, “हां, पाटेच देखना, और कुछ मत देखना.”

जिजीच्या डोळ्यावर पट्टी होती. “नजर राहिली, मिस्त्री,” ती म्हणाली. “पट्टी सुटल्यावर तुमचं तोंड बघावं लागल, तेवढं सोसू.” आणि ती सुनेच्या खांद्याला धरून सरळ गेली आणि पुढचं डावं दार चाचपून उघडून सीटवर बसली. टॉवेल उचलून मांडीवर घेतला.

म्हणजे ज्या हौद्यासाठी आम्ही दोन मिस्त्री राबलो, भांडलो, बोटांची मापं काढली, त्यात ती एकदाच बसली. माझ्या आयुष्यातलं एकुलतं एक खाली बसवण्याचं काम पहिल्याच फेरीत निकामी झालं.

तरी मी वाकलो आणि फटीत बोटं घातली. जिजी बसलेली होती. गाडी डावीकडून दबायला हवी होती. ती गाडी माझ्या शेडमध्ये रिकामी उभी असताना जेवढी दबलेली होती, त्यापेक्षा आता वर होती. मी दोनदा मोजलं. सलीमभाईला नंतर सांगितलं तर तो म्हणाला, पाटे अदलाबदल केल्यावर आपापल्या जागी बसायला एकदोन दिवस लागतात. मी म्हटलं, लागतात. आम्ही दोघेही चांगले कारागीर आहोत, एकमेकांच्या चुका झाकून घेतो.

“ताई,” मी खिडकीशी जाऊन म्हटलं, “जिजी आता पुढेच बसणार. मागची बाजू पुन्हा वर उचलून देऊ का? आपल्या घरचंच काम.”

सुनंदाताईंनी आरशातून मागच्या रिकाम्या हौद्याकडे पाहिलं.

“राहू द्या खाली,” त्या म्हणाल्या. “अजून कुणाला चढायचं असलं तर?” मग गाडी सुरू करून म्हणाल्या, “बसा ना मागं. द्वारकेला सोडते तुम्हाला.”

मी म्हटलं, मला इकडे जरा काम आहे. आणि चालत शेडवर आलो.